आमेनच्या आधीची तिहाई

जालन्याच्या मिशन चर्चमध्ये लोक देवासाठी येत की भुजंगच्या तबल्यासाठी, हे माझ्या तोंडून वदवू नका. मी तिथं झांज वाजवायचो. झांजेला काम थोडं, त्यामुळं नजरेला भरपूर मोकळीक.

भुजंग मूळचा केदारखेड्याचा. बापानं बाप्तिस्मा घेतला, पोरानं जालन्याच्या एका उस्तादाकडून तबला घेतला. निजामाचं राज्य होतं तेव्हा. दिवसभर जिनिंगमध्ये कापूस वाहायचा, पण डोळे कायम अर्धे मिटलेले, जणू हा माणूस दुसरीकडंच कुठं राहतो. बायको सगुणाबाई गल्लीभर सांगायची, "भाकर वाढली की आधी तिच्यावर ठेका धरत्यात. माझी भाकर म्हंजी काय डग्गा हाय?"

रविवारी सकाळी उघड्या खिडक्यांतून आदल्या दिवशीचा उडालेला कापूस आत यायचा. पांढरे तंतू उन्हात तरंगत राहायचे, कुणाच्या पदरावर, कुणाच्या उघड्या पवित्र शास्त्रावर बसायचे. भुजंगचा ठेका सुरू झाला की तेही लयीत उतरतायत असं वाटायचं.

खोड एकच. गीत संपताना तो तिहाई घ्यायचा. एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर. त्याच समेवर मंडळींनी 'आमेन' म्हणायचं, असा आमचा रिवाज. पण एका रविवारी कचेरीतला एक गानवेडा मुन्शी मागच्या बाकावर येऊन बसला. तिसरा बोल समेवर आला आणि मुन्शी ओरडला, "क्या बात है!" त्याच्यापाठोपाठ अख्खी मंडळी म्हणाली, "क्या बात है!" मीही म्हणालो, खोटं कशाला सांगू? आमेन राहूनच गेलं.

उपासना चालवणाऱ्या पाळक रामरावांनी नंतर भुजंगला थांबवून घेतलं.

"भुजंगराव, आज गीत कुणासाठी होतं?"

"देवासाठी, साहेब."

"आणि वाहवा कुणाची झाली?"

भुजंग डग्ग्यावरचा कापूस झटकू लागला.

"पुढल्या रविवारी ईस्टर. आमेन पुन्हा बुडालं, तर तबला कपाटात जाईल. कायमचा."

तो आठवडा भुजंग झोपेत चालल्यासारखा वावरला. मला म्हणाला, "तिहाई म्या घेत न्हाई गा, बोटंच घेत्यात. मला कळंस्तवर होऊन गेलेली असती."

सगुणाबाई चुलीपुढून म्हणाली, "मंग रविवारी बोटं घरी ठिवून जा."

ईस्टरला चर्च चिक्कार भरलं. मुन्शी दोन दोस्तांना घेऊन आला होता, आणि त्यांना कोपरानं ढोसत होता. गीत सुरू झालं. भुजंगनं इतका साधा ठेका धरला की आम्हाला ऐकण्यासारखं काही उरलंच नाही. मग नाइलाजानं सगळे गाऊ लागले! सगुणाबाईही गात होती. सूर कुठल्या कुठं, पण आवाज थेट काळजातून. भुजंगनं मान वळवली आणि बायकोकडं बघत राहिला. ऊन, कापूस, माणसं, सगळं एकत्र तरंगत होतं. क्षणभर मला वाटलं, आपण जमिनीवर नाहीच.

शेवटची ओळ आली आणि भुजंगची बोटं जागी झाली. पहिला बोल. पाळकांनी मिटलेले डोळे उघडले. दुसरा बोल. मुन्शीचा हात दाद द्यायला वर गेला. आणि भुजंगनं दोन्ही हात उचलून मांड्यांखाली घातले, वर घट्ट बसला.

तिसऱ्याची जागा रिकामी गेली. कुणी हललं नाही, पण प्रत्येकाच्या कानात तो बोल चालू होता. सम आली, आणि न सांगता सगळे एका तोंडानं म्हणाले, "आमेन!" मुन्शीसुद्धा. नंतर दोस्तांना म्हणे, "मुँह से निकल गया."

उपासना संपल्यावर पाळक कपाटाची किल्ली हातात घेऊन आले.

"जमलं की. पुढल्या रविवारीही असंच?"

"न्हाई सांगता येत, साहेब. आज लई जोर लागला."

पाळकांनी किल्ली खिशात टाकली आणि तबला तिथंच सतरंजीवर राहू दिला.

भुजंग मुंग्या आलेले हात चोळत बाहेर आला. पायरीवर सगुणाबाई उभी होती.

"तू गातीस व्हय?" त्यानं विचारलं.

"बारा वरसं गाऊन राह्यले," ती म्हणाली. "चला आता."