चाळीसच्या खाली

बिबवेवाडीतल्या एका तीनमजली सोसायटीच्या फाटकाशी एक काळा फळा होता. खरं तर तो पाण्याच्या वेळा आणि थकलेल्या वर्गणीच्या तंबीसाठी लावलेला. पण दिगंबरराव बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी फळ्याचा उजवा कोपरा बळकावला. रोज सकाळी पेपर वाचून झाला की ते खाली उतरायचे, ओल्या फडक्याने कोपरा पुसायचे आणि डॉलरचा भाव लिहायचे, अगदी पैशापर्यंत. त्याखाली कायमची ओळ असे: 'भाव कालचा आहे. उद्याचा विचारू नये.'

कुणी सांगितलं होतं हे करायला? कुणीच नाही. पण अख्खी नोकरी परकीय चलनाच्या खिडकीत गेलेली. एक्क्याण्णवच्या जुलैत सरकारने तीन दिवसांत दोनदा रुपया खाली आणला, एकवीसचा डॉलर पंचविसाच्या पुढे गेला आणि दिगंबररावांना सगळे कागद दोनदा नव्याने करावे लागले. ही कथा सोसायटीत सर्वांना पाठ होती. मग कंप्युटरच्या लाटेत घराघरातली मुलं अमेरिकेला गेली, आणि ज्या फळ्याला लोक हसायचे त्याच्यापुढे दुधाच्या पिशव्या हातात घेऊन तेच लोक उभे राहू लागले.

दिगंबररावांचा राजसही नव्याण्णव साली गेला. मुंबईच्या विमानतळावर न्यायला टॅक्सी दारात उभी होती आणि त्याच्या आईच्या, हेमाताईंच्या डोळ्यांचं पाणी काही खळत नव्हतं. डॉलर तेव्हा त्रेचाळीसच्या आसपास. आईला हसवायचं म्हणून राजस म्हणाला, "रडतेस काय? डॉलर चाळीसच्या खाली आला ना, की मी काय तिथे राहतोय? पुढच्या विमानाने परत!" बोलणारा बोलून गेला. हेमाताईंनी मात्र खूणगाठ बांधली.

त्या दिवसापासून बाईंना अर्थशास्त्राची गोडी लागली. डॉलर एकोणपन्नासला भिडला त्या वर्षी सोसायटीतले बाकीचे आईबाप खुशीत होते, कारण मुलांनी पाठवलेल्याचे रुपये जास्त व्हायचे. एकट्या हेमाताई त्याला शिव्या घालत होत्या. मग तो उतरू लागला. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एक्केचाळीसच्या आत आला, तेव्हा त्यांनी गादीवाल्याला बोलावून राजसच्या गादीचा कापूस पिंजून घेतला, वर नवी खोळही शिवून घेतली.

बायकोची नजर टाळून दिगंबररावांनी गादीवाल्याचे पैसे दिले. कारण त्याच सुमारास राजसचा फोन आला होता. हेमाताई भाजी आणायला गेल्या होत्या. "बाबा, आम्ही इथे घर घेतलंय. आता इथेच राहायचं ठरवलंय. आईला तुम्हीच सांगा ना, जरा हळूच." दिगंबरराव "बरं" म्हणाले. बँकेत मॅनेजरला तोंडावर सुनावणारा माणूस, पण बायकोपुढे त्यांची जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता पावसाळा सरला.

गणपतीचं विसर्जन झालं आणि डॉलर चाळीसच्या खाली घसरला. त्या सकाळी दिगंबरराव खडू धरून फळ्यापुढे बराच वेळ उभे होते. मग त्यांनी लिहिलं: चाळीस रुपये दहा पैसे. पेपरातलं बाजारभावाचं पान फाडून खिशात घातलं आणि वर गेले.

जन्मात एका पैशाची चूक न केलेला हा माणूस मग रोज खोटं लिहू लागला. कधी चाळीस दहा, कधी चाळीस पंचवीस. एकच आकडा राहिला तर संशय येईल म्हणून थोडा हलवायचासुद्धा! हसावं की पाठीवरून हात फिरवावा, कळत नाही. ज्यांच्या लक्षात आलं ते वय झालं म्हणून गप्प बसले. दुसऱ्याची चूक दिसूनही पुण्यात लोक गप्प बसले, ही त्यांची मायाच म्हणायची.

दिवाळीच्या तोंडावर दत्तप्रसादने घोटाळा केला. हा दुसऱ्या मजल्यावरचा, हिंजवडीच्या कंपनीतला मुलगा, नुकताच अमेरिकेहून परतलेला. बेल वाजवून दारातच म्हणाला, "काका, सॉरी, पण तुमच्या बोर्डवर चाळीस वीस आहे. मी उरलेले डॉलर बदलायला गेलो, तर तो माणूस हसला मला. म्हणे, चाळीस आता बाजारात आहे कुठे? पैशाचं काही नाही हो, पण तुमचा रेट चुकतो?"

दिगंबरराव चष्मा पुसू लागले. आत हेमाताई चकल्या तळत होत्या. त्या गॅस बंद करून बाहेर आल्या.

"अरे, त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," असं म्हणत त्यांनी दत्तप्रसादच्या हातावर दोन गरम चकल्या ठेवल्या आणि तो गेल्यावर दार लावलं.

"अगं, मी तुला सांगणारच होतो..."

"काय? भावाचं की घराचं?"

"घराचं तुला कुणी सांगितलं?"

"नवरात्रात मीच राजसला विचारलं फोनवर," हेमाताई म्हणाल्या. "म्हटलं, उतरला रे तुझा डॉलर, कधी येतोस? त्याला आठवतसुद्धा नव्हतं असं काही बोलल्याचं. मग म्हणाला, बाबांनी सांगितलं नाही का?"

"पण डॉलर उतरला हे तुला कळलं कुठून?"

"टीव्ही आहे की घरात. आणि पेपरातलं एकच पान रोज पाय फुटून जातं का?"

"मग बोलली का नाहीस?"

हेमाताई पदराने हात पुसत राहिल्या. हात केव्हाच कोरडे झाले होते. "खाली जायचे, तुमचा आकडा बघायचे. वाटायचं, अजून चाळीसच्या खाली कुठे गेलाय! खोटं आहे हे माहीत असून बरं वाटायचं हो."

दिगंबररावांनी चष्मा काढला आणि ते लहान मुलासारखे रडले. हेमाताईंनी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही खाली उतरले. हेमाताईंनी त्यांच्या हातून ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचे चाळीस स्वतः पुसले, डाग राहू नये म्हणून दोनदा.

"लिहा," त्या म्हणाल्या.

दिगंबररावांनी लिहिलं: एकोणचाळीस रुपये पस्तीस पैसे. हेमाताईंनी आकडा वाचला, मग त्याखालची ओळही वाचली.

"ती गादी आता तुम्ही घ्या," त्या जिना चढताना म्हणाल्या. "कापूस चांगला पिंजलाय. तुमच्या पाठीला बरी पडेल."