न उगवलेले दात

विजयश्रीला सगळ्यात जास्त राग यायचा तो "येतील गं" या शब्दांचा. दुधाचे दात पडले, पण वरच्या मोठ्या दोन दातांच्या शेजारचे दात काही आले नाहीत. दोन्ही बाजूंना फटी राहिल्या. डावा सुळा तर वर हिरडीतच तिरपा उगवला. गावाकडचे डॉक्टर म्हणाले, येतील. मामी म्हणाली, काहींचे उशिरा येतात. अहमदपूर सोडून ती चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागली, पंचविशी ओलांडली, तरी दातांचा पत्ता नव्हता.

शेवटी पिंपरीतल्या डॉक्टर साधना यांनी जबड्याचा एक्स-रे काढून तिला दाखवला. "हे दोन दात हाडातसुद्धा नाहीत. जन्मतःच तयार झाले नाहीत."

"मग मी इतकी वर्षं वाट कुणाची बघत होते?"

डॉक्टर हसल्या. विजयश्रीला हसू आलं नाही.

ठरलं असं, की तारा लावून दोन्ही सुळे पुढच्या दातांशेजारी ओढायचे आणि मग घासून, भरून त्यांना नसलेल्या दातांचा आकार द्यायचा. अहमदपूरहून आईचा, यशोदाबाईंचा फोन आला. "तू पोटात असताना गिराण लागलं होतं. मी विळीवर भाजी चिरली. तिथंच चुकलं बघ."

"आई, ग्रहणाचा आणि दातांचा काय संबंध?"

"मग कशाचा हाय, तूच सांग!"

तारा लागल्या आणि छळ सुरू झाला. आधी मधले दोन दात जवळ आणले, त्यामुळे बाजूच्या फटी आणखी रुंद दिसू लागल्या. "मॅडम, काम उलटं चाललंय का?" लाइनवरच्या बंटीने विचारलं. तारेचं टोक गालाला टोचायचं. डबा खाताना एकदा दातावरची चकतीच निघाली, आणि ती दुरुस्त करायला सुट्टीचा रविवार गेला. चिखलीतल्या घरमालकीण शालनबाई रोज बजावायच्या, "भाकर कुस्करून खा गं. आमी न्हाई का खात?" त्यांना दातच नव्हते.

महिने सरले, तरी डावा सुळा जागचा हलेना. तेव्हा यशोदाबाई स्वतःच आल्या. "त्या डॉक्टरणीला विचारतेच, माझ्या लेकराला किती दिवस छळणार!"

दवाखान्यात त्यांनी तोंडाला पदर लावूनच भांडण सुरू केलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे पुष्कळदा घराण्यातच असतं. तुमचे दात बघू?"

"माझं काय बघता?"

"आई, बघू दे," विजयश्री करवादली.

यशोदाबाईंनी पदर खाली घेतला. एका बाजूला फट होती, दुसऱ्या बाजूला तांदळाएवढा दात. विजयश्री बघतच राहिली. आई हसताना तोंड झाकते म्हणून सगळा गाव तिला लाजरी म्हणायचा. लेकीनेही तेच मानलं होतं.

"आई! आणि मला गिराण सांगत होतीस?"

"मला तरी कुणी सांगितलं? माझी आई म्हणायची, मी लहानपणी खडे चावले. तेच खरं धरून बसले."

विजयश्रीला ओरडायचं होतं, पण कुणावर, ते कळेना. रिक्षात आईनेच हळूच विचारलं, "या वयात माझं काही होतं का गं?"

"होतं. पण भाकर कुस्करून खावी लागेल."

दोघी हसल्या, आई पदराशिवाय.

डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, पण सुळा आला. तारा निघाल्या, सुळ्यांना आकार दिला, फटी मिटल्या. एवढं झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, दात परत सरकू नयेत म्हणून आता रोज झोपताना ही प्लेट लावायची. "संपतच नाही का हे?" म्हणत विजयश्री घरी आली.

दारात शालनबाई बसल्या होत्या. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"झ्याक झालं. पर खरं सांगू? पैलं हसनं लई ग्वाड हुतं."

"आजी, हे तारा लावायच्या आधी सांगायचं ना!"

"तवा इचारलं व्हय तू?"