निळ्या पत्र्याखालच्या बाई

आमच्या विज्ञानाच्या बाईंचा राग साऱ्या पंचक्रोशीला माहीत होता. देवरूखहून एसटीने येत आणि फळ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांचं कुणाशी तरी वाजलेलं असे. पोरांवर मात्र त्यांनी कधी हात उगारला नाही. त्यांचं भांडण मोठ्यांशी.

वातावरणाचा धडा त्या वर्गात घेत नसत. दिवस कलला की आम्हाला बाहेर काढून शाळेच्या कुंपणाच्या जांभ्या दगडांच्या गडग्यावर तळवा टेकायला लावत. "दगड दिवसभराचं ऊन आता परत देतोय. ही आच दिसत नाही, पण वर निघते. हवेतले काही वायू तिला धरतात आणि बरीचशी परत खाली पाठवतात. तेवढ्यावर आपण जगतो. पण कोळसा, पेट्रोल जाळून आपण ते वायू वाढवतच सुटलोय. मग रात्री गार होणार कशा आणि आंब्याची कलमं मोहरणार कशी?" कलमांचं नाव निघालं की बागायतदारांची पोरंही कान टवकारत.

माकडं शाळेची कौलं फोडतात म्हणून पुढे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने हौसेने निळा पत्रा घातला. एव्हाना माझी लेक त्याच शाळेत, त्याच बाईंकडे शिकत होती. बाई मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या. "तापल्या पत्र्याची आच सरळ पोरांच्या टाळक्यावर उतरते. वर झावळ्या तरी टाका."

"झावळ्या टाकून शाळेचा गोठा करताव काय, बाई? वर माळावर, सड्यावरनं बघा, पत्रा कसा झकास दिसतो!"

"मग तुम्हीच बसा त्याच्याखाली दुपारभर."

बसतो कोण! गेल्या एप्रिलात शिकवता शिकवता बाईच कोसळल्या. रत्नागिरीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले उष्माघात. अध्यक्ष म्हणाले, "बाईंना बीपी होता." आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

शोकसभा त्याच वर्गात, भर दुपारी. मंडळाने पंखा दिला होता, पात्यांवर 'बाईंच्या स्मरणार्थ' असं रंगवून. अध्यक्षांनी बटण दाबलं. पंखा तापलेलीच हवा घुसळू लागला. लेकीचा चेहरा लालबुंद झाला होता. मी उठले, तिचा हात धरला.

"अवो, कार्यक्रम संपला नाय अजून!"

"चालू द्या तुमचा. पत्र्याचं काही करेपर्यंत माझी पोर इथे बसणार नाही."

मागे बाकं सरकली. एकेक आई आपलं पोर उठवत होती.

सोमवारी झावळ्या चढल्या. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्यासाठी बाईंना मरावं लागलं.