दौंडला निवडलेली हलकी चाकं

पोरानं जोरात पळणारी चारचाकी गाडी घेतली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. चाकं बदलायची निघाली तेव्हा मात्र म्हणाला, ‘‘आप्पा, चला दौंडला. तुमाला टायरमधलं कळतंय.’’ मला कळतं ते ट्रॅक्टरच्या टायरमधलं. तरी हुरळलो. मनात एकच होतं, काहीही करून याचा वेग कमी करायचा. एकुलता एक पोर, केडगावहून रोज शिरूरकडं कंपनीत जातो. पोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

दुकानदारानं दोन तऱ्हेची चाकं पुढं ठेवली. मी दोन्ही उचलून पाहिली. एक चांगलं वजनदार होतं. दुसरं इतकं हलकं, की मला ते पोकळच वाटलं. पोराची नजर त्याच्यावरच. त्यावर बसणारा टायरही असा, कडेला रबर जेमतेम चार बोटं.

‘‘आरं, चाकाला वजन पायजे,’’ मी म्हणालो. ‘‘नांगरटीला आपण मागच्या टायरात पाणी कशापायी भरतो? जड चाक जमीन धरतं.’’

पोर खाली मान घालून हसलं. माझं डोकं फिरलं. राग तेवढा अजून आमच्या मालकीचा आहे. पण दुकानदार समजुतीनं म्हणाला, ‘‘आप्पा, ट्रॅक्टरला वढायचं आसतं. हिला पळायचं आन् थांबायचं आसतं. चाक हलकं आसलं की गाडी लवकर थांबती.’’

थांबायचं नाव काढल्यावर मी विरघळलो. ‘‘मग हलकीच बसवा,’’ मीच म्हणालो. टायर टिकाऊ घ्यावेत की मऊ रबराचे, यात पोर अडकलं होतं. तिथंही मीच मध्ये पडलो. म्हटलं, झिजू देत लवकर, पण रस्ता धरणारे घे.

परत येताना मोकळा रस्ता बघून त्यानं गाडी पळवली आणि कचकन ब्रेक दाबला. सीटच्या पट्ट्यानं माझी छाती आवळली, पण गाडी जागच्या जागी उभी. ‘‘बघितलं का, आप्पा?’’ ‘‘व्हय,’’ मी म्हणालो. खरंच जिवाला बरं वाटलं. त्या रात्री शांत झोपलो.

महिनाभरानं जेवताना सहज विचारलं, ‘‘शिरूरला पोचाया किती येळ लागतो रं आता?’’

‘‘धा मिंटं वाचत्यात,’’ तो खुशीत म्हणाला. ‘‘तुमी निवडल्याली चाकं, आप्पा. पाय ठिवला की गाडी उभी. आता जोरात चालवायची भीतीच न्हाई राह्यली.’’

हळू चालव म्हणायलाही आता मला तोंड उरलेलं नाही.