बाळाला खिडकीपाशी नेलं नाही

आमच्या रंगाच्या दुकानात तिला सगळे शेडबाई म्हणतात. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा आणतं, भिंतीचा पोपडा आणतं, एकदा तर एकजण फुटक्या कपाचा कान घेऊन आला होता. ती तो तुकडा दारापाशी उजेडात धरते, दोनदा डोळे मिचकावते आणि डब्यात थेंब सोडायला लागते. पिवळा इतका, तांबडा इतका, काळा नावाला. मशीन चुकतं, ही चुकत नाही, असं मालक सांगतात. आणि पगारवाढीचा विषय सोडला तर मालक खोटं बोलत नाहीत. मी गल्ल्यावर बसते. दुपारचा डबा आम्ही दोघी गोदामात बसून खातो. पुढचं सगळं तिने मला तिथेच सांगितलं, एका बैठकीत नाही, चार-पाच दिवस तुकड्यातुकड्याने.

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, घरात सासू. हात राखून खर्च करणारी माणसं. तिची एकच चप्पल तीनदा शिवलेली मी पाहिली आहे. पण गरोदरपणी सातवा महिना लागला आणि तिने फोनवर ते नवजात बाळांचे फोटो पाहिले. टोपलीत झोपलेली बाळं, लोकरीच्या टोप्या, हनुवटीखाली दोन्ही मुठी. मग तिला दुसरं काही सुचेना. स्टुडिओवाल्याने सांगितलं, पहिल्या दोन आठवड्यांतच आणा, पुढे बाळं अशी मुटकुळं करून झोपत नाहीत. आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नव्हते.

आणि ते पैसे होते सासूच्या कवळीसाठी ठेवलेले. सासूच म्हणाली, "काढा फोटो. माझे दात काय पळून जातायत? होते ते कधीच गेले." सगळे हसले, आणि त्या हसण्यातच ते ठरून गेलं.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, सहाव्या दिवशी सकाळी बाळाला दाखवून जा. स्टुडिओत नेमकी तीच सकाळ मोकळी होती. तिने दवाखान्यात फोन करून दाखवायचा दिवस तीन दिवस पुढे ढकलला.

चौथ्या दिवशी सासू म्हणाली, "पोर पिवळं दिसतंय गं."

"खोलीतला बल्ब पिवळा आहे, आई."

पाचव्या दिवशी सासू पुन्हा म्हणाली. पुन्हा हिने बल्बचंच नाव घेतलं.

हे सांगताना ती डब्यातला घास तसाच हातात धरून बसली होती. "ताई, गिऱ्हाइकाला मी रोज सांगते की नाही, बल्बखाली रंग बघू नका, दारात या म्हणून? खिडकी चार पावलांवर होती. मी तिला खिडकीपाशी नेलं नाही. नेलं असतं तर मला दिसलं असतं. मला ते माहीत होतं, म्हणूनच नेलं नाही."

सहाव्या दिवशी नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासू-सून बाळाला घेऊन स्टुडिओत गेल्या. हीटर लावून तापवलेली खोली, टोपल्या, रुमालाएवढी पांघरुणं. बाळ नुसतं झोपून. कसंही वळवा, जागं होईना. फोटोवाला खूश झाला. "असं शहाणं बाळ महिन्यात एखादंच येतं," तो म्हणाला.

त्याच्याकडे बाळांना निजवायला आणि सावरायला एक मावशी होत्या. पूर्वी बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून काम केलेल्या. त्यांनी बाळाच्या छातीवर अंगठा दाबला, उचलला, आणि दाबलेल्या जागी उमटलेल्या पिवळ्या रंगाकडे बघत राहिल्या.

"दूध कधी प्यालं हे?"

"पहाटे. थोडंसं. झोपतेच फार."

फोटोवाल्याला वाटलं, आईला रंगाची काळजी. तो म्हणाला, "पिवळेपणाचं टेन्शन घेऊ नका. एडिटिंगमध्ये काढून टाकतो. एकदम गुलाबी करून देतो."

"आणि मला बरं वाटलं," ती मला म्हणाली. "खरं सांगते, अगदी मनापासून बरं वाटलं."

फोटोचा एक प्रकार राहिला होता. तिने दुकानातून कोरी वीस लिटरची बादली मागून नेली होती. बाळाला त्या बादलीत निजवून भोवती रंगीत लोकर पसरायची होती. तिचीच कल्पना. मावशींनी मात्र बाळाला शालीत गुंडाळलं आणि उचलून दाराजवळ, चपला काढतात तिथल्या बाकावर जाऊन बसल्या.

"आता नाही. आधी डॉक्टर," त्या म्हणाल्या.

"एकच राहिलाय. पैसे भरलेत आम्ही."

हे ती मोठ्याने बोलली. सासूने पिशवी उचलली, चपला घातल्या, मावशींच्या हातून नात घेतली आणि जिना उतरायला लागली. ही मागोमाग गेली. बादली तिथेच राहिली.

दवाखान्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पिवळेपणा कधीपासून आहे?"

"आज सकाळीच जाणवला," ती म्हणाली.

शेजारी सासू उभी होती.

तपासणीचा आकडा आला आणि डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "एका सकाळीत एवढी कावीळ चढली असेल तर कारण वेगळं असणार. रक्ताच्या आणखी तपासण्या कराव्या लागतील. कदाचित मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल."

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात सासू म्हणाली, "सकाळी नाही हो. परवापासूनच आहे. मीच म्हटलं, बल्बचा उजेड असेल. सुनेला मीच थांबवलं."

दात नसल्यामुळे तिचं बोलणं पोकळ यायचं. डॉक्टरबाईंना नीट कळलं नाही. "काय म्हणालात आजी?" त्यांनी विचारलं. मग सासूला ते सगळं दुसऱ्यांदा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगावं लागलं. मीच म्हटलं. मीच थांबवलं.

डॉक्टरबाईंनी तिला चांगलंच झाडलं. एवढं वय झालं, इतकी मुलं पाहिलीत, तुम्हाला कळायला नको? सासू मान हलवत ऐकत राहिली. ही भिंतीला टेकून उभी. आता बोलावं, आता बोलावं, असं मनात म्हणत उभी. आणि डॉक्टरबाई दुसऱ्या खोलीत निघून गेल्या.

बाळाला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. दर दोन तासांनी उठवून पाजायचं. कावीळ उतरली, बाळ रडायला लागलं, दूध ओढायला लागलं. नवरा कामावरून तसाच, हाताला ग्रीस लागलेला, धावत आला होता. त्यानेही आईलाच विचारलं, "आई, तुला कळलं नाही का गं?" आई म्हणाली, "नाही बाबा." हिने तेही जाऊ दिलं.

पंधरा दिवसांनी फोटो आले. गुलाबी, गोबरं, कुठे पिवळ्याचा मागमूस नाही. काम फार सफाईचं होतं, असं ती म्हणते, आणि त्यातलं तिच्याइतकं कोणाला कळणार. नवऱ्याने एक मोठा करून पलंगासमोर लावला. येणारा जाणारा नावाजायचा. ती चहा टाकायच्या निमित्ताने उठून जायची.

एके दिवशी नवरा फोनवर कोणा नातेवाइकाला सांगत होता, "आईने बल्बचा उजेड म्हणून सोडून दिलं, नाहीतर लवकर कळलं असतं." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी खाली ठेवली आणि म्हणाली, "आईंनी नाही. मी."

त्याने फोन ठेवला. तिने सगळं सांगितलं: दिवस पुढे ढकलला ते, बल्बचं, पैसे भरलेत म्हणाली ते. तो रागावला नाही. उठून आईच्या खोलीपाशी गेला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. आई म्हणाली, "झालं ना आता. पोर दूध पितंय ना?"

नंतर तिने सासूला विचारलं, तुम्ही असं का केलंत. सासू बाळाची टोपरी धूत होती. "मला कोणी बोललं तर मी संध्याकाळपर्यंत विसरते," ती म्हणाली. "तू मनाला लावून घेतलं असतंस. ओली बाळंतीण तू. दूध आटलं असतं."

"तसंही मनाला लागलंच आहे, आई."

"ते दिसतंय," सासू म्हणाली आणि टोपरं पिळलं.

दीड महिन्याच्या लशीच्या वेळी ती डॉक्टरबाईंपुढे मुद्दाम एकटी गेली. सासूला बाहेर बाकावर बसवलं. चुकी माझी होती, सासूबाईंची नव्हती, तुम्ही त्यांना उगाच बोललात, एवढं ती पाठ करून गेली होती. अडखळत का होईना, बोलली सगळं. डॉक्टरबाईंनी कागद चाळले. त्यांना ती सकाळ आठवतच नव्हती. "असं होय," त्या म्हणाल्या, "आता वजन छान वाढलंय," आणि पुढच्या बाळाला आत बोलावलं.

"मला वाटलं होतं त्या रागावतील," शेडबाई मला म्हणाली. डब्याचं झाकण लावलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठली.