एक टाकं, दोन जावा आणि सासूबाईंचं कोहळं

सासूबाईंचा कोहळ्याचा वेल मी कापला, ही गोष्ट खरी आहे. पण मला कापायचा होता तो माझ्या जावेचा लवकीचा वेल, हे आमच्या घरात कोणी लक्षातच घेत नाही!

दिग्रसला तेव्हा आमची दोन बिऱ्हाडं एकाच टिनाखाली राहत होती. आमचे हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर आणि धाकटे दीर सुधाकरभाऊजी तिथेच वजनकाट्यावर. स्वयंपाकघरं दोन, अंगण एक आणि सासूबाई एक. त्या महिनाभर माझ्याकडे जेवायच्या आणि महिनाभर मंगलाकडे, म्हणजे माझ्या जावेकडे. जिच्याकडे जेवायच्या तिच्यासमोर दुसरीच्या भाजीची तारीफ करायच्या!

कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, गाड्या यायच्या बंद झालेल्या. उन्हाळा लागायच्या आधीच जिनिंगला कुलूप लागलं. एरवी पावसाळ्यात यंत्रं खोलून साफ करायचं काम तरी ह्यांना असायचं, त्या वर्षी तेही नाही. दोन धडधाकट माणसं दिवसभर घरात! भर सकाळी नवरा चुलीपाशी उभा राहून "मोहरी आधी काहून टाकली?" असं विचारतो, तेव्हा बाईच्या डोक्यात काय होतं, ते ज्या बायकांचे नवरे नेमानं कामावर जातात त्यांना सांगून कळायचं नाही. मी रागातच उठायची, रागातच भाकरी थापायची. भाकरी मात्र त्या काळात फार पातळ व्हायच्या.

अंगणात सिमेंटचं एक जुनं टाकं होतं. गुडघ्याएवढं उंच, खाटेएवढं लांब. तडा गेल्यापासून त्यात पाणी ठरत नव्हतं. रिकामे बसून बसून कंटाळलेल्या दोघा भावांनी एक दिवस त्यात माती आणि शेणखत भरलं.

"आता घरचा भाजीपाला!" हे म्हणाले. "दोघी सारखी जागा घ्या. भांडण नाही पाहिजे."

(तोपर्यंत भांडण नव्हतंच!)

एका टोकाला मी टमाटे आणि मिरच्या लावल्या. दुसऱ्या टोकाला मंगलानं मेथी टाकली आणि कडेला लवकीचं, म्हणजे दुधी भोपळ्याचं, बी खोचलं. आम्ही हात धुऊन येतो तर सासूबाईंनी बरोब्बर मधोमध कोहळं, म्हणजे लाल भोपळा, लावून ठेवलेलं.

"आई, हे कायले इथं?" मी विचारलं.

"मले विचारू नको, मोठे! टाकं माह्या मालकानं बांधलं हाय. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांत औंदा घरचं कोहळं पाहिजे. इकतचं नाही चालत."

महिन्याभरात टाक्याचं जंगल झालं. खाटेएवढ्या जागेत पाच पिकं! मेथीला रोज पाणी लागायचं, टमाट्याला ते सोसायचं नाही.

"मंगला, माह्या टमाट्याच्या बुडात पाणी कायले ओतून राह्यली व?"

"मी मेथीले देऊन राह्यली, ताई. पाणी तिकडं जाते तर मी काय त्याले बांधून ठेवू?"

मग आमच्यातला फिटर जागा झाला. ह्यांनी टिनाचा एक पत्रा आणला आणि माझ्या आणि मंगलाच्या जागेमध्ये हातोड्यानं ठोकून मातीत उभा गाडला. "आता पाहा, एकदम फिट!" म्हणाले. खरोखरच फिट होता. माझ्या तिन्ही मिरच्यांची मुळं त्यानं अर्ध्यातून कापली आणि संध्याकाळपर्यंत मिरच्यांनी माना टाकल्या. मंगलाची मेथी हसत होती. (मेथी हसत नाही, हे मला ठाऊक आहे. ती हसत होती!)

त्यावर कडी म्हणून लवकी माझ्या टमाट्यांवर चढली. नुसती चढली नाही, पसरली. महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींना, आठ दिवस उरले असतील, तेव्हा एका सकाळी पाहते तर लवकीच्या पानांखाली माझी टमाट्याची झाडं करपून आडवी झालेली. हिरवी टमाटी लागलेली झाडं! मी ब्लाउज शिवायची, तेव्हा कात्री हाताशीच असे. दुपारी सगळे जेवून आडवे झाले तशी मी टाक्यापाशी गेले, पानांच्या गचपणात हात घातला, बोटाएवढा जाड, केसाळ वेल हाताला लागला आणि... कच्! इतकं समाधान मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. जाऊन गाढ झोपले.

जाग आली ती सासूबाईंच्या किंकाळीनं.

"माय वं! माहं कोहळं गेलं वं!"

घराच्या टिनावर चढलेला कोहळ्याचा वेल ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. त्याला एकच फळ धरलेलं, घागरीएवढं. आणि शेजारी लवकी ताजीतवानी उभी! माझा जन्म शेतकऱ्याच्या घरातला, आणि मला लवकीचा वेल कोणता आणि कोहळ्याचा कोणता हे कळलं नाही.

शहाण्या बाईनं तिथेच पाय धरले असते. मी म्हणाले, "लहानीनंच केलं असन!"

"मी?" मंगला ताडकन उठली. "मी कायले करू? आई, तुमच्या कोहळ्याले रोज पाणी कोण टाकते?"

"तूच टाकते, म्हणूनच तुह्यावर कोणाले शंका येत नाही!" मी म्हणाले. (असं बोलणं मला कुठून सुचलं, देव जाणे.)

भाऊजी मध्ये पडले, मग हे भाऊजींच्या मध्ये पडले, आणि अंगणात चारही तोंडं एकदम सुरू झाली. शेवटी मंगलानं पिशवी भरली. "मी चालली बाभुळगावले, माह्या माहेरी. माह्यावर असा आळ घेता काय?" आणि ती एस.टी. स्टँडकडे निघूनसुद्धा गेली.

इकडे ह्यांनी खाली बसून, यंत्र का बंद पडलं ते पाहावं तसा वेल बुडापासून तपासला.

"हे पाहा, आई! उपटलेला नाही, कापलेला हाय. विळ्यानं नाही, कात्रीनं. आणि एका जागी दबला हाय, म्हणजे कात्रीले खाच हाय. अशी कात्री आपल्या घरात एकच..."

एवढं बोलून ते थांबले. पण थांबायला फार उशीर झाला होता! सहा महिने रिकामा बसलेला माणूस, आणि त्याची हुशारी चालली ती नेमकी त्या दिवशी.

सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. त्या नुसत्या आत गेल्या. तेव्हा भाऊजी हळूच म्हणाले, "वैनी, आईनं नवस बोलला होता. महालक्ष्म्यांले घरचं कोहळं वाहीन, जिनिंग उघडू दे म्हणे. दोघा पोरांचं काम बसलं म्हणून."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आणि मला लाज वाटली की आधी राग येतो. स्वतःचा, कात्रीचा, कापसाचा, सगळ्यांचा राग घेऊन मी तरातरा स्टँडवर गेले. बाभुळगावसाठी यवतमाळच्या गाडीची वाट पाहत मंगला बाकावर बसली होती.

"चाल घरी," मी म्हणाले. ही माफी होती.

"नाही येत."

"वेल मी कापला."

"तुम्ही? आईचा?"

"तुहा समजून कापला!" मी ओरडले. (माफी मागताना आवाज जरा चढला.) सगळा स्टँड वळून पाहायला लागला.

मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "मंग माहंही ऐकून घ्या, ताई. तुमची टमाटी लवकीनं नाही मेली. भाताचा मांड मी टाकत होती त्याच्या बुडात. तुम्ही मेथीवरून रोज टोमणे मारले म्हणून."

"मांड? गरम?"

"उकळता."

"किती दिवस?"

"आठ. एक दिवस खाडा झाला, त्या दिवशी मी भात नव्हता टाकला."

तेवढ्यात गाडी लागली. मी तिची पिशवी हिसकावली. अर्ध्या भांडणात तिला माहेरी जाऊ देणं मला शक्यच नव्हतं! स्टँडपासून घरापर्यंत आम्ही दोघी भांडत आलो. दारात पोचलो तेव्हा दोघींचे घसे बसले होते आणि पिशवी दोघींनी एकेका बंदाला धरली होती.

सासूबाईंनी कोहळं उतरवून घेऊन स्वतःच्या खाटेखाली ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर तिसरी चूल मांडली. "तुमच्या हातचं खात नाही. आणि महालक्ष्म्या तुमच्या तुम्ही बसवा." आठ दिवस त्या स्वतःचं स्वतः शिजवून, भिंतीकडे तोंड करून जेवल्या. दोन सुना असलेल्या घरात म्हाताऱ्या बाईच्या चुलीचा धूर निघतो, तेव्हा गल्लीतल्या बायका काय बोलतात ते लिहायची गरज नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी आणि मंगलानं पहाटेपासून पंधरा भाज्या चिरल्या. मंगलानं स्वतःच्या हातानं लवकी तोडून आणली. मग आम्ही दोघी सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिलो.

"आई, सोळावी भाजी राह्यली," मी म्हणाले. एवढं बोलताना माझा आवाज चढला नाही, ही त्या वर्षातली एकमेव वेळ.

सासूबाईंनी खाटेखालून कोहळं ओढलं, त्यावर बोटांनी टकटक केलं, कान लावला. "विळा आण," म्हणाल्या. आतून हळदीसारखं पिवळंधमक निघालं! आणि गोड इतकं, की जेवायला आलेल्या सवाष्णींनी दोनदोनदा मागून घेतलं. त्या दिवशी सासूबाई आमच्या पंगतीत बसल्या. दिवाळीनंतर जिनिंगचा भोंगाही वाजला. हंगाम अर्धाच चालला, पण माणसं घराबाहेर गेली!

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण "कोहळं इतकं गोड कसं झालं?" असं जी विचारेल तिला मी ऐटीत सांगू लागले, "आठ दिवस आधी वेल बुडातून कापावा लागते. आतला रस आतच राह्यते." हे मी इतक्या जणींना सांगितलं की पुढे पुढे मलाच खरं वाटायला लागलं.

दोन वर्षांनी वणीहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. तिनं माझं ऐकून बांधावरचे चौदाच्या चौदा वेल कापले होते. फळं मुठीएवढी असताना!

मला इतका राग आला म्हणून सांगू! तिला सरळ म्हणाले, "काहून व, मी सांगते ते करायचं असते काय?"