लाल लोकरीचे दोरे

“हे उठेनात हो... तुम्ही या,” रुक्मिणीवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी खुळ्यासारखं विचारलं, “कोण उठेना?” आदल्या संध्याकाळी तर व्यंकटराव माझ्याशी कडाकडा भांडला होता. रविवारी गाडी सुरू करायची आहे, उशीर केलास तर याद राख, असा दम दिला होता. असा माणूस झोपेत जातो? महिना उलटला, मला अजून ते पटलेलं नाही.

चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात अख्खी नोकरी आम्ही शेजारी बसून केली. मी साताऱ्याचा, तो तंजावरी मराठी, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखातला. पहिल्या दिवशी त्याचं मराठी ऐकून मी हसलो, तर म्हणाला, “मजला हासतोस? सेरी, बरं, हास. तुझी मराठी कालची.” जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायचा आणि शर्यतीच्या गाड्यांवर सुरू व्हायचा. त्याही सरळ नाहीत, विचित्र. पुढे चार चिमुकली चाकं असलेली सहा चाकांची गाडी त्याला आवडायची. पण जीव होता तो पंख्याच्या गाडीवर. मागे मोठा पंखा, तो पोटाखालची हवा ओढून घेई आणि गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राही. एकाच शर्यतीत उतरली, जिंकली, बाकीच्यांनी ओरड केली आणि ती गुंडाळली गेली. “हरली असती तर दुःख नव्हतं बा,” तो म्हणे, “जिंकली म्हणून घरी बसवली!” त्याचा आवाज असा चढे, की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघत.

निवृत्तीनंतर त्याने आवडीतच एक शेड भाड्याने घेतली आणि जुन्या गाडीच्या सांगाड्यावर तसा पंखा बसवायला घेतला. ती शर्यतीत उतरवायची नव्हतीच. ती कल्पना खरी होती एवढं त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. हवा दिसत नाही, म्हणून गाडीच्या खालच्या कडेला लोकरीचे लहान लहान दोरे चिकटवायचे. दोरा वळेल तिकडे हवा गेली. चेन्नईच्या उकाड्यात हा लोकर मागत हिंडला. दुकानदाराने विचारलं म्हणे, बाळ कुणाकडे झालं? शेवटी वहिनींच्या पेटीतला लाल गुंडा उचलून आणला. नातवाच्या स्वेटरचा होता तो. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. स्टुलावर बसून गुंड्यातून दोरे कापायचा, मला चिकटवायला लावायचा आणि वाकडा लागला की शिव्या घालायचा.

तो गेल्यावर शेडकडे जायची माझी छाती होईना. गाडी भंगारात द्यावी असं मीच वहिनींना सुचवलं. “माझी लोकर वाया घालवता? चालवून तरी पाहा,” म्हणाल्या.

परवा दोघं गेलो. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, मग त्याने जोर धरला... आणि कडेला लोंबणारे सगळे लाल दोरे एकदम आत वळले, गाडीच्या पोटाखाली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्याचंच खरं होतं. मला इतका आनंद झाला की मी मागे वळून ओरडलो, “व्यंकट, बघ रे!”

स्टुलावर लोकरीचा गुंडा होता, त्यात कात्री खोचलेली.